भट्टीपाशी

केशोराव मुन्शींचे अक्षर भंडाऱ्यापर्यंत ओळखीचे होते. जिल्ह्याच्या पोलीस कप्तान साहेबांच्या कचेरीत टपालाचा गठ्ठा सुटला की तिथला कारकून पहिल्या ओळीवरूनच सांगत असे, हा कागद गोंदियाच्या रेल्वेलाइनीपलीकडच्या चौकीतून आला. टपोरे, सरळ, कुठेही खाडाखोड नसलेले अक्षर. सतरा वर्षांच्या नोकरीत त्यांना बढती मिळाली नव्हती की बक्षीस. अक्षर तेवढे स्वतःचे होते, आणि त्याचा त्यांना मनातल्या मनात अभिमान होता.

त्या अक्षरापायीच त्यांना एक सवय जडली होती. गुन्ह्यांच्या रजिस्टरात ‘मौका’ नावाचा रकाना होता. गुन्हा कुठे घडला ते त्यात लिहायचे. रकाना जेमतेम दोन बोटे रुंद. लांब पत्ता लिहायला घेतला की अक्षर दाटत असे, नाहीतर शेजारच्या रकान्यात शिरत असे. म्हणून केशोरावांनी जागांची नावे आखूड केली होती. मालधक्क्याला नुसते ‘धक्का’, आठवडी बाजाराला ‘बाजार’, आणि लाइनीपलीकडच्या जुन्या दारूभट्टीभोवतीच्या वस्तीला ‘भट्टी’. तिथले दारूचे दुकान उठून सात वर्षे झाली होती. वस्तीचे नाव मात्र भट्टी मोहल्ला हेच राहिले होते आणि रजिस्टरातही ते तसेच उतरत होते.

सन त्रेपन्नच्या दिवाळीनंतर चौकीला नवे ठाणेदार आले. जबलपूरकडचे, तरुण, बी.ए. झालेले. लाच घेत नसत, उगीच कोणावर हात टाकत नसत. आल्या आल्या त्यांनी चार वर्षांची रजिस्टरे मागवली आणि एका जाड कागदावर स्वतःच्या हाताने शहराचा नकाशा काढला. केशोरावांनी एकेक नोंद वाचायची आणि साहेबांनी त्या जागी लाल पेन्सिलीने ठिपका द्यायचा, असे चार दिवस चालले. अखेरीस सगळ्या कागदावर ठिपके विखुरलेले दिसत होते. भट्टी मोहल्ल्यावर मात्र ठिपक्यांवर ठिपके पडून एकच लाल डाग झाला होता.

“देखिए मुन्शीजी,” ठाणेदार हळू आवाजात म्हणाले, “आधे शहर का पाप इतनी-सी जगह में! वहाँ की हवा ही खराब है.”

केशोरावांना त्यात खोटे काही वाटले नाही. नोंदी त्यांच्याच हाताच्या होत्या.

त्या डागावरून मोहल्ल्यातील आठ माणसांची यादी निघाली. ही नावे निगराणी रजिस्टरात चढावीत, अशी शिफारस येत्या सोमवारी भंडाऱ्याला जायची होती. निगराणीत नाव चढलेल्या माणसाला रोज दिवे लागण्याच्या सुमारास चौकीत हजेरी द्यावी लागे, न विचारता परगावी मुक्काम करता येत नसे, आणि शिपाई वाटेल तेव्हा त्याची कडी वाजवू शकत असे. मोहल्ल्यातले दोघे आधीच्या ठाणेदारांच्या वेळेपासून निगराणीत होते. आता आणखी आठ.

यादी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी उदाराम चौकीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. तो स्टेशनावरचा हमाल. अंगात लाल कुर्ता, दंडाला सत्तावीस नंबरचा पितळी बिल्ला. बिल्ला घासून घासून इतका चकचकीत केलेला होता की त्यावरचा आकडाच पुसट झाला होता.

“मुन्शीजी, माझं नाव यादीत आहे म्हनते.”

“कोण म्हणते?”

“सारं टेसन म्हनते. पयले मले सत्तावीस नंबर म्हनत होते, आता निगराणी नंबर सत्तावीस म्हनून हासून रायले.”

केशोरावांनी लेखणी खाली ठेवली. “तुला दोनदा पकडून आणले होते, उदाराम. दोन्ही वेळची नोंद आहे.”

“कायले पकडलं, ते बी लिवलं आहे का जी? दुपारच्या वक्ती गाडी नाई राहत. मी घरी झोपून होतो. मोहल्ल्यात शिपाई आला, ज्याचा हात सापडला त्याले घेऊन गेला. अंधार पडाच्या आधी सोडून देल्लं. सोडल्याचं लिवलं का?”

पकडल्याचा रकाना रजिस्टरात होता. चौकशी करून सोडल्याचा नव्हता.

“जानेवारीत बिल्ला नवा करून घ्या लागते,” उदाराम म्हणाला. “टेसनमास्तर चौकीचा दाखला मागते. निगराणीतल्या मानसाच्या डोक्यावर कोन आपली पेटी देईन? सोळा वरसं झाले मले. एक लोटा इकडचा तिकडे नाई झाला.”

“मोहल्ल्यात चोर नाहीत असे तुझे म्हणणे आहे काय?”

“आहेत ना जी. तिघं-चौघं आहेत, तुमालेबी ठावं आहे. पत्ते चालतेत, एका घरी मोहाची उतरते. पन एक सांगा मुन्शीजी. इतक्या चोऱ्या आमच्या मोहल्ल्यात होतेत, त्या होतेत कोनाच्या घरी? आमच्याइथं चोराले नेवाले आहे तरी काय?”

तो गेल्यावर केशोरावांनी रजिस्टर पुढे ओढले. प्रश्न भाबडा होता, पण चार वर्षांत त्यांना तो पडला नव्हता. ‘मौका: भट्टी’ असलेल्या नोंदी ते एकामागून एक वाचू लागले. चोरीला गेलेले: बैलांच्या गळ्यातल्या घाट्या. घोंगडी. धानाचे पोते. छत्री. नवे जोडे. पुन्हा घाट्या. फिर्यादी दवनीवाड्याचा, कामठ्याचा, रावणवाडीचा. मोहल्ल्यातला जवळपास कोणीच नाही. बैलगाडी घेऊन आलेला शेतकरी त्या मोहल्ल्यात कशाला शिरेल? तिथल्या गल्लीत गाडीचे एक चाक मावत नाही. इतकी वर्षे केशोराव मनाशी समजत आले होते की हे लोक दारू प्यायला जात असतील, आणि लाजेपायी तसे सांगत नसतील. दुकान उठले तरी चोरून विकणारे होतेच. खुलासा इतका सोपा होता की फिर्यादीला पुढे काही विचारण्याची गरजच त्यांना कधी वाटली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दवनीवाड्याचे एक जोडपे फिर्याद घेऊन आले. रुख्मा आणि तिचा नवरा सुखराम. रुख्माचा पाणी भरायचा पितळेचा गुंड आणि गाठोड्यात बांधलेले नवे लुगडे आदल्या दिवशी बैलगाडीतून गेले होते. गुंड तिच्या माहेरचा होता. ती तावातावाने बोलत होती आणि मधूनमधून पदराने उजवा डोळा चोळत होती.

“कुठे गेले?”

“भट्टीपाशी.”

केशोरावांनी लिहिले, ‘भट्टी’. अक्षर सुरेख आले. मग त्यांची नजर तिच्या लाल झालेल्या डोळ्याकडे गेली.

“डोळ्याला काय झाले, बाई?”

“राखड गेली जी. हे चिठ्ठीचा नंबर लावाले गेल्ते, मी बैल धरून उभी होती. वारा सुटला, डोरे मिटले. उघडून पायलं त गाठोडं नाई.”

“भट्टीत राख कुठली? ती तर सात वर्षांपासून विझलेली आहे.”

रुख्मा त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिचा आवाज चढला. “मुन्शीजी, मी का दारू प्याले गेल्ती? धानाची भट्टी जी! चिमनीवाल्या मिलची. जिथं उसन्याचे धान उकडतेत!”

सुखरामला हसू आवरले नाही. “आमच्या गावात भट्टी म्हनलं त तेच, मुन्शीजी. दारूच्याले आमी ‘दुकान’ म्हनतो. दुकानात गेल्तो असं बायकोसमोर कोन सांगन?”

केशोराव हसले नाहीत. लेखणी रकान्यावर तशीच टेकलेली राहिली आणि ‘भट्टी’ या शब्दाच्या शेवटी शाईचा एक गोल थेंब पसरत गेला.

मिलवाल्याने उसना, म्हणजे उकडा तांदूळ करण्यासाठी मागच्या अंगाला धान उकडायची भट्टी घातली, त्याला पाच वर्षे झाली होती. हे केशोरावांना ठाऊक नव्हते असे नाही. चिमणीचा धूर चौकीच्या अंगणातून दिसत असे. पण ते या चौकीत आले तेव्हा शहरात भट्टी म्हणजे एकच, आणि एकदा आखूड केलेले नाव त्यांनी पुन्हा उलगडून पाहिले नव्हते.

“चला,” ते म्हणाले, “जागा दाखवा.”

भट्टी मोहल्ल्यापासून मिल तीन फर्लांग दूर. पुढच्या दाराशी गर्दी, ओळखीचे चेहरे, चहाचे दुकान. मागची बाजू वेगळी. उसन्याचे धान घेऊन आलेल्या गाड्या तिथे एकीमागे एक उभ्या होत्या. गाडीवाल्याला नंबराची चिठ्ठी आणायला सगळी भिंत वळसा घालून पुढच्या दाराशी जावे लागे, आणि तिथे नंबर यायला कधी कधी तास लागे. मागे उरे ती एखादी बाई, म्हातारा, किंवा नुसते बैल. मिलची भिंत दीड पुरुष उंच, तिला एकही खिडकी नाही. दुसऱ्या अंगाला तुसाच्या राखेचा ढीग, माणूस मागे उभा राहिला तर दिसू नये एवढा. यंत्राच्या घरघरीत हाक ऐकू येत नव्हती. भट्टीचे दार उघडले की वाफेचा लोट आणि त्याबरोबर राख उडे, आणि रांगेतला प्रत्येक माणूस एकदमच डोळे मिटून तोंड फिरवी. ढिगाच्या मागे रेल्वेचे तारेचे कुंपण होते. त्याला एका जागी माणूस वाकून जाईल एवढे भगदाड, आणि पलीकडे मालगाडीच्या रिकाम्या वाघिणींची लांबच लांब रांग.

केशोराव ढिगाजवळ उभे राहिले. भट्टीचे दार उघडले. त्यांनी डोळे मिटले, मनात पाच आकडे मोजले आणि डोळे उघडले. समोरच्या गाडीतली घोंगडी हाताच्या अंतरावर होती. ती उचलून ते कुंपणापार गेले असते तरी कोणाला कळले नसते. चौकीचा मुन्शी, सतरा वर्षांची नोकरी, आणि त्यालाही ते सहज जमण्यासारखे होते.

चोर कुठूनही आला असता. मोहल्ल्यातून, मालगाडीतून उतरलेल्यांतून, गाड्यांच्या रांगेतूनसुद्धा. एक पकडला तर दुसरा आला असता. जागा मात्र हीच राहिली असती, कारण सगळे काही तिने चोराच्या बाजूने मांडून ठेवले होते. आणि चार वर्षे चौकीचा शिपाई तीन फर्लांगावरच्या गल्लीत कड्या वाजवत फिरत होता.

“गुंड भेटन का जी?” रुख्माने विचारले.

“सांगता येत नाही, बाई,” केशोराव म्हणाले. खोटा दिलासा देणे त्यांच्या जिवावर आले.

शनिवारी त्यांनी ठाणेदारांना सगळे सांगितले. भट्टीच्या सव्वीस नोंदींपैकी एकोणीस गाडीवाल्यांच्या होत्या, आणि त्या सगळ्या कार्तिकापासून माघापर्यंतच्या, म्हणजे नवे धान मिलवर येते त्या दिवसांतल्या. ठाणेदार उठून नकाशापाशी गेले. मोहल्ल्यापासून मिलपर्यंत त्यांनी बोटाने अंतर मोजले.

“तीन फर्लांग,” ते अखेरीस म्हणाले. “और चार साल. मुन्शीजी, आपने एक बार भी नहीं पूछा, कौन-सी भट्टी?”

“नाही साहेब.”

“मैंने भी नहीं पूछा,” ठाणेदार स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग वळून खुर्चीत बसले. राग त्यांच्या चेहऱ्यावर होता, पण तो ते आवरत होते. “सुनिए. आठ में से जिन दो पर सबूत है, उनके नाम जाएँगे. बाकी छह मैं रोक लूँगा. मिल के पीछे एक सिपाही और एक बत्ती, इसकी चिट्ठी आज ही लिखता हूँ. लेकिन रोकने की वजह लिखनी पड़ेगी. आपको बयान देना होगा कि नोंद गलत थी.”

“देतो.”

“जाँच बैठेगी. आपकी पेन्शन का सवाल है.” ते थोडे पुढे झुकले. “इसलिए एक बात मानिए. इस साल की नोंद तक ही लिखिए. पुरानी बातें मत खोदिए. एक साल की भूल साहब लोग माफ कर देंगे.”

“आणि आधीचे दोघे? निगराणीतले?”

“उन्हें तो सजा हो चुकी है, मुन्शीजी. वे तो सचमुच चोर निकले.”

रविवारी केशोराव बयान लिहायला बसले ते दिवस कलेपर्यंत. उदारामचे नाव रोखलेल्या सहांत होते. सकाळीच त्याला निरोप पाठवला होता; तो बिल्ला लावूनच धावत आला, पायरीला हात लावला, आणि तीनच्या गाडीला निघून गेला. त्यामुळे केशोरावांचे मन हलके व्हायला हवे होते.

दिवा लावायच्या सुमारास शालीकराम हजेरीला आला. निगराणीतल्या दोघांपैकी हा एक. पस्तिशीचाच, पण खांदे उतरलेला. पूर्वी तेंदूपत्त्याच्या गोदामावर चौकीदार होता. त्याने नेहमीप्रमाणे दाराबाहेर चप्पल काढली आणि कोणी विचारण्याआधीच म्हटले, “शालीकराम वल्द बकाराम, भट्टी मोहल्ला, हाजिर.” मग अंगठा पुढे केला.

अंगठा उमटवून झाला तरी तो हलला नाही.

“उदारामचं नाव कटलं म्हनतेत.”

“हो.”

“काऊन कटलं?”

केशोरावांनी सांगितले. भट्टी कोणती, मिल कुठे, राख, गाड्या. शालीकरामने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“मंग माझं?”

“तुझ्यावर गुन्हा शाबीत झाला आहे, शालीकराम. वाघिणीतले तांदळाचे पोते. चार महिने तू भोगून आलास.”

“ते त मी केलोच ना जी. नाई कुठं म्हनतो?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, साधी गोष्ट समजावून द्यावी तसा तो बोलत होता. “पन नाव पयले लिवलं होतं, मुन्शीजी. चोरी मंग झाली. निगराणीतला मानूस गोदामावर चौकीदार कसा ठेवाचा, म्हनून सेठनं काढलं. कुठंच कोनी ठेवलं नाई. दीड वरस मी नुसता हाजिर, हाजिर म्हनत रायलो.” तो किंचित हसला. “तुमी रोज चोर म्हनून बोलावत होते, एक दिवस मी चोर म्हनून आलो.”

त्याने चप्पल पायात घातली आणि मोहल्ल्याच्या दिशेने चालू लागला.

केशोरावांनी उठून कपाटातून सन पन्नासचे रजिस्टर काढले. शालीकरामचे नाव ज्या गुन्ह्याच्या नुसत्या संशयावरून निगराणीत गेले होते, ती नोंद त्यांना सापडली. फिर्यादी कामठ्याचा शेतकरी. माल: बैलांच्या घाट्या, एक जोड. महिना पौष. मौका: भट्टी. अक्षर टपोरे, सरळ, एकही खाडाखोड नाही.

बयान जवळजवळ पुरे झाले होते. खाली फक्त सही उरली होती. केशोरावांनी सहीची जागा सोडून दिली आणि तिच्या वर नवा परिच्छेद सुरू केला. ‘ही चूक या सालची नसून चार सालांची आहे,’ असे त्यांनी लिहिले. मग शालीकरामचे आणि त्याच्यासोबतच्या दुसऱ्या माणसाचे नाव लिहिले आणि प्रत्येकापुढे दोन दोन तारखा मांडल्या. निगराणीत नाव चढले ती तारीख. शाबीत झालेला पहिला गुन्हा घडला ती तारीख. शालीकरामच्या दोन तारखांत अठरा महिन्यांचे अंतर होते, दुसऱ्याच्या तारखांत सात महिन्यांचे. दोघांच्याही बाबतीत नाव आधीचे होते. यावर त्यांनी काही भाष्य केले नाही. सही केली. सहीतला ‘के’ वाकडा आला. तो त्यांनी तसाच राहू दिला.

सोमवारी सकाळी ठाणेदारांनी कागद वाचला. शेवटच्या परिच्छेदाशी ते थांबले आणि मान वर न करता म्हणाले,

“मैंने मना किया था.”

“हो साहेब.”

“यह भी भेजना है?”

“हे पण साहेब.”

बाहेर मिलचा भोंगा झाला. ठाणेदारांनी कागदावरच्या त्या चार तारखांवरून एकदा बोट फिरवले. केशोरावांना वाटले, आता कागद परत येईल. ठाणेदारांनी दौत जवळ ओढली, खाली आपली सही केली, आणि कागद भंडाऱ्याच्या पाकिटात घातला.

त्या संध्याकाळी शालीकराम नेहमीच्या वेळेला आला. भंडाऱ्याहून उत्तर यायला महिने लागणार होते, आणि ते काय येईल हे कोणालाच सांगता आले नसते. तोवर हजेरी चुकवण्याची मुभा त्याला नव्हती. त्याने दाराबाहेर चप्पल काढली आणि तोंड उघडले, पण त्याआधीच केशोराव खुर्चीवरून उठले.

“आत ये, शालीकराम,” ते म्हणाले. “आधी बस.”

आणि हजेरीचे रजिस्टर उघडण्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने बाक पुढे सरकवला.